दवाखान्याची जमीन आणि दूरचा रुग्ण

जानेवारी २०१५ च्या अखेरीस, स्थापनेला अद्याप आठ महिनेही पुरे न झालेल्या तेलंगण राज्याच्या मंत्रिमंडळाने हैदराबादेत असा निर्णय घेतला की राज्याचे सचिवालय हुसेनसागराच्या काठावरून उठवून शहराच्या पश्चिमेस, मुंबईच्या हमरस्त्यावरील एर्रगड्डा येथे, सरकारी छातीच्या रुग्णालयाच्या आवारात न्यावे, आणि त्या रुग्णालयाने आपल्या खाटा, यंत्रे, वैद्य व रुग्ण यांसह विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरावर बिऱ्हाड हलवावे. सुमारे साठ एकरांचे ते आवार, त्यातील जुनी हवेली, झाडांच्या रांगांमधून विखुरलेले बैठे वॉर्ड आणि मधली मोकळी मैदाने, हे सर्व राज्यकर्त्यांच्या दृष्टीने गरजेपेक्षा अधिक ठरले होते. शेजारच्या मनोरुग्णालयाकडेही त्याच दृष्टीने पाहिले जात होते. सार्वजनिक आरोग्यसेवेच्या मालकीची जमीन फाजील ठरवून ती अन्य कामी लावण्याची, विकण्याची वा तारण ठेवण्याची जी प्रथा अलीकडच्या काळात जगभर रूढ झाली आहे, तिचा आपल्या भागातील सर्वांत बोलका अध्याय हाच होय.

ही हकिकत जेथून लिहिली जात आहे ते तलमडुगु हे आदिलाबाद जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे मंडल. तेलुगू, मराठी, गोंडी आणि कोलामी अशा भाषा या मुलखाच्या बाजारांत एकाच दिवशी कानी पडतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे शेजारचे तालुके मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले, आणि येथील मराठी माणसाचे दफ्तर, कचेरी व मोठा दवाखाना ही सर्व हैदराबादेशीच बांधलेली राहिली. ती राजधानी येथून तीनशे किलोमीटरांच्या घरात आहे. आदिलाबादेस २००८ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे पुष्कळ सोय झाली हे खरे. तथापि औषधांना न जुमानणारा क्षय, फुप्फुसाची शस्त्रक्रिया, किंवा घरच्यांच्या आवाक्याबाहेर गेलेला मनोविकार असला म्हणजे वाट अखेर राजधानीचीच धरावी लागे. राजधानीतील एखाद्या भूखंडाचे काय होते याच्याशी सीमेवरच्या शेतकऱ्याला काय कर्तव्य, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु ज्या गावापासून मोठे रुग्णालय जितके दूर, त्या गावाचा त्या रुग्णालयाच्या जमिनीवरील नैतिक अधिकार तितकाच मोठा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण शहरातल्या सधन माणसाला दहा पर्याय असतात आणि दूरच्या गरिबाला तो एकच असतो. एर्रगड्ड्याची हकिकत येथून सांगण्याचे प्रयोजन हेच.

रुग्णालयांना एवढ्या विस्तीर्ण जमिनी मुळात मिळाल्या कशा, हे समजल्याशिवाय त्या काढून घेण्याचा अर्थ कळणार नाही. हैदराबादेतील अफझलगंजचा दवाखाना पाचवे निजाम अफझलुद्दौला यांच्या अमदानीत मुसी नदीच्या काठी उभा राहिला, आणि २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला जो महापूर आला त्यात तो उद्ध्वस्त झाला. त्या एका पुराने हजारो माणसांचा बळी घेतला आणि राज्यकर्त्यांना नगररचनेचा कठोर धडा दिला. अभियंते विश्वेश्वरय्या यांना पाचारण करून नदीच्या बंदोबस्ताच्या योजना आखल्या गेल्या, शहरसुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले, आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत व्हिन्सेंट एश या स्थापत्यविशारदाच्या आराखड्यानुसार उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू त्याच नदीकाठी उभी झाली. साथीच्या रोगांसाठी मात्र त्या काळच्या वैद्यकाचा दंडक निराळा होता. प्लेग, देवी आणि पटकी यांचे रुग्ण वस्तीपासून अलग ठेवावेत, क्षयाच्या रुग्णास मोकळी हवा, ऊन आणि विश्रांती मिळावी, आणि मनोरुग्णांस बाग व शेत असावे, असे मानले जाई. म्हणून या दवाखान्यांना शहराबाहेर, भरपूर जागेत, झाडीच्या आडोशाने वसवण्यात आले. शहरातील साथरोगांच्या रुग्णालयास हैदराबादकर आजही ‘कोरंटी’ या नावानेच ओळखतात, यावरून अलगीकरणाची ती स्मृती लोकमानसात किती खोल रुजली आहे हे दिसते.

एर्रगड्डा तेव्हा असेच शहराबाहेरचे ठिकाण होते. तेथील ‘इर्रमनुमा’ ही हवेली नवाब फखर-उल-मुल्क यांच्या नावाशी निगडित आहे. अमीर-उमरावांच्या विलासाकरिता बांधलेल्या त्या दालनांत पुढे क्षयरुग्णांच्या खाटा मांडल्या गेल्या, आणि भोवतालच्या मोकळ्या जमिनीवर वॉर्डांची वाढ होत गेली. निजामी अमदानीच्या अखेरच्या वर्षांत अनंतगिरीच्या डोंगरावरही एक क्षय-आरोग्यधाम स्थापन झाले. आपल्याकडे मिरजेपासून थेट दक्षिणेतील मदनपल्लीपर्यंत अशी आरोग्यधामे त्या कालखंडात निघाली, आणि त्या सर्वांच्या मुळाशी एकच वस्तुस्थिती होती: रोगावर औषध नव्हते. औषधाच्या अभावी हवा, अन्न आणि काळ हीच औषधे, व ती देण्यास जमीन लागे.

मनोरुग्णालयाची कथा तर आम्हां मराठी माणसांच्या अधिक जिव्हाळ्याची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यातील मनोरुग्ण हैदराबादच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवले जात. पुढे त्यांची सोय जालन्यास झाली. जालना हे मराठवाड्यातील व्यापारी शहर, एके काळचे हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीचे ठाणे. तेथे ती संस्था दीर्घकाळ नांदली. मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू बोलणारे रुग्ण राज्याच्या कानाकोपऱ्यातून जालन्यास पाठवले जात, आणि आदिलाबादच्या रानातून निघालेल्या एखाद्या कुटुंबालाही आपल्या माणसाला भेटण्यासाठी मराठवाड्याची वाट चालावी लागे. १९५३ साली हे रुग्णालय जालन्याहून हैदराबादेस, एर्रगड्ड्याला हलवण्यात आले. राजधानीत वैद्यकीय महाविद्यालय होते, अध्यापक होते, प्रयोगशाळा होत्या; तेव्हा स्थलांतर अविचाराचे होते असे म्हणता येणार नाही. परंतु तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपले मनोरुग्णालय मागे ठेवून गेला. पुढे महाराष्ट्र राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये झाली, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्याच्या वाट्यास एकही आले नाही. परभणी, नांदेड वा बीडच्या रुग्णास पुणे किंवा नागपूर गाठणे प्राप्त झाले. हलवून नेलेले रुग्णालय मूळ जागी परत यायला किती काळ लागतो, याचे उत्तर जालन्याने पुढे दिले. त्याचा उल्लेख यथावकाश येईलच.

एर्रगड्ड्यास क्षयाचे आणि मनोविकाराचे असे दोन दवाखाने शेजारी शेजारी नांदू लागले, आणि दोघांच्याही जमिनी ‘गरजेपेक्षा अधिक’ दिसू लागण्याचे पहिले कारण वैद्यकाच्या प्रगतीतच होते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला; पाठोपाठ आयसोनायझिड आले. १९५६ साली मद्रासला क्षय-औषधोपचाराचे जे संशोधन केंद्र निघाले त्याने असा प्रश्न हाती घेतला की गोरगरिबांच्या दाट वस्तीत, अपुऱ्या अन्नावर राहणाऱ्या रुग्णाला घरीच औषध दिले, तर तो आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णाइतका बरा होतो काय? १९५९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांनी जगाला चकित केले, कारण औषध नियमित मिळाले तर घर आणि आरोग्यधाम यांत फारसा भेद उरत नाही असे त्यांतून सिद्ध झाले होते. डोंगरावरच्या हवेचे माहात्म्य त्या दिवशी संपले. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला आणि उपचार जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत पोचवण्याचे धोरण ठरले. मनोविकारांतही १९५० नंतरच्या दशकांत नवी औषधे आली आणि भिंतीआड जन्मठेप भोगणाऱ्या रुग्णांना घरी परतण्याचा मार्ग खुला झाला. खाटा रिकाम्या झाल्या, शेते पडीक राहिली, भिंतींचा गिलावा सुटला. त्याच अवधीत शहर मात्र वाढत आले, कारखाने आले, वसाहती आल्या; एके काळी वस्तीबाहेरचे म्हणून निवडलेले एर्रगड्डा वस्तीच्या मध्यभागी सापडले, आणि २०१७ साली तर मेट्रो रेल्वेचे स्थानकच तेथे उघडले. जमीन तीच राहिली. तिच्याकडे पाहणारी नजर बदलली.

या नजरेचा इतिहास केवळ आपल्याच देशाचा नव्हे. ५ जुलै १९४८ रोजी अन्यूरिन बेव्हन यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा स्थापन झाली, तेव्हा धर्मादाय संस्थांची आणि नगरपालिकांची बहुसंख्य रुग्णालये त्यांच्या जमीनजुमल्यासह एका रात्रीत राष्ट्राच्या मालकीची झाली. मार्च १९६१ मध्ये आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी जाहीर केले की पंधरा वर्षांत मनोरुग्णालयांतील खाटा निम्म्यावर आणावयाच्या. आणि डोंगरमाथ्यांवर पाण्याचे मनोरे मिरवीत उभी असलेली ती अवाढव्य आश्रयस्थाने बंद करण्याचा क्रम पुढील तीन दशकांत पार पडला. लंडनच्या उत्तरेस १८५१ साली उघडलेले कॉलनी हॅच, पुढे फ्रायर्न या नावाने ओळखले गेलेले, रुग्णालय १९९३ साली बंद झाले आणि त्याच इमारतीत श्रीमंतांची निवासस्थाने झाली. मार्च २०१७ मध्ये सर रॉबर्ट नेलर यांच्या अहवालाने आरोग्यसेवेच्या फाजील मालमत्तेतून दोन अब्ज पौंडांपर्यंतची प्राप्ती आणि सव्वीस हजार घरांसाठी जमीन निघू शकेल असा हिशेब मांडला.

या विक्रीत सर्वच वाईट होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. हजारो माणसांना आयुष्यभर कोंडून ठेवणाऱ्या त्या इमारती बंद होणे हे मानवतेचे पाऊल होते. दुःखाची गोष्ट इतकीच की रुग्ण ज्या वेगाने बाहेर पाठवले गेले त्या वेगाने त्यांच्यासाठी गावोगावी सेवा उभ्या राहिल्या नाहीत. आणि अलीकडच्या दशकात तर आरोग्यसेवेच्या इमारती व यंत्रे यांसाठी राखलेला भांडवली निधी वर्षानुवर्षे दैनंदिन खर्चाकडे वळवला गेला, अब्जावधी पौंडांच्या घरात. भांडवल एकदा रोजच्या खर्चात जिरले की ते पुन्हा उभे राहत नाही. ज्याने शेत विकून त्या पैशावर वर्षभराचे धान्य घेतले, त्याला पुढच्या वर्षी शेतही नसते आणि धान्यही नसते, हे आमच्या कापूस पिकवणाऱ्या मुलखाला कोणी शिकवावयास नको.

आता पुन्हा २०१५ कडे येऊ. हैदराबादच्या जमिनीचे मोल तोवर आकाशाला भिडू लागले होते. पुढे कोकापेट येथील सरकारी जमिनीच्या लिलावात ऑगस्ट २०२३ मध्ये एका एकराला शंभर कोटींहून अधिक बोली लागली, यावरून त्या मोहाचे प्रमाण ध्यानी येईल. मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांचे मत असे होते की जुन्या सचिवालयास वास्तुदोष आहे, नव्या राज्याला नवी, प्रशस्त राजवास्तू हवी, आणि क्षयरुग्णांना शहराच्या धुळीपेक्षा अनंतगिरीची शुद्ध हवा अधिक मानवेल. नव्या राज्याची आकांक्षा समजण्यासारखी होती. साठ वर्षे ज्या प्रदेशाने आपल्याला दुय्यम लेखले गेल्याची खंत बाळगली, त्याला आपल्या स्वाभिमानाचे काही दृश्य प्रतीक उभारावेसे वाटले तर त्यात नवल नाही. परंतु शुद्ध हवेचा युक्तिवाद मात्र मद्रासच्या त्या प्रयोगाने अर्धशतकापूर्वीच मोडीत काढला होता. २०१५ च्या क्षयरुग्णाची गरज हवेची नव्हती. थुंकीची व औषध-प्रतिकाराची तपासणी करणारी प्रयोगशाळा, अतिदक्षता विभाग, छातीचा शल्यविशारद, आणि रेल्वे वा बसने पोचता येईल असा दरवाजा, ही त्याची गरज होती. एर्रगड्ड्याचे रुग्णालय उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले होते. तेथे तरुण डॉक्टर श्वसनविकारांचे शिक्षण घेत. महाविद्यालयापासून तोडून डोंगरावर नेलेले रुग्णालय हे हळूहळू केवळ आश्रयस्थान होते, आणि आश्रयस्थानात बरे होण्याचे प्रमाण किती असते हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. आदिलाबादेहून निघालेला रुग्ण सिकंदराबादेस उतरला की शहरातच एर्रगड्ड्याला पोचत असे. अनंतगिरीला जायचे तर त्याला आणखी सत्तर-ऐंशी किलोमीटर, दुसरी गाडी आणि डोंगरचढाव करावा लागला असता.

त्याच महिन्यात आणखी एक वस्तुस्थिती निर्णयाच्या विरुद्ध साक्ष देत होती. जानेवारी २०१५ मध्ये हैदराबादेत स्वाइन फ्लूची साथ पसरली होती, रुग्णालये भरून वाहत होती. सहा वर्षांपूर्वी, मे २००९ मध्ये, भारतातील स्वाइन फ्लूचा पहिला निश्चित रुग्ण हैदराबादेतच आढळला होता, आणि त्या साथीत एर्रगड्ड्याचे छातीचे रुग्णालय विलगीकरणाचे प्रमुख ठिकाण ठरले होते. अर्थात, एकमेकांपासून अंतरावर असलेले ते बैठे वॉर्ड, मधली मोकळी मैदाने आणि वाऱ्याला मुभा देणाऱ्या खिडक्या, म्हणजे हिशेबनीसाला जे निरुपयोगी दिसत होते, तेच साथीच्या दिवशी उपयोगाला आले होते. रुग्णालयाच्या जमिनीची गरज सामान्य दिवशी मोजली तर ती नेहमीच कमी भरणार, कारण साथ सामान्य दिवशी येत नाही.

निर्णयाविरुद्ध डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी आंदोलनास उतरले. विरोधी पक्ष आले. इर्रमनुमाच्या वारशाचा प्रश्न घेऊन जुन्या वास्तूंचे अभ्यासक पुढे सरसावले. जनहित याचिका उच्च न्यायालयात गेल्या. बेत हळूहळू मागे पडला. सचिवालयाचा प्रश्न वर्षानुवर्षे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर फिरत राहिला, आणि शेवटी ज्या जागेस वास्तुदोष असल्याचे म्हटले गेले होते त्याच जागेवर, जुन्या इमारती पाडून, नवे सचिवालय बांधले गेले. ३० एप्रिल २०२३ रोजी त्याचे उद्घाटन झाले. मध्यंतरी, जून २०१९ मध्ये, फखर-उल-मुल्क यांचाच दुसरा महाल जो एर्रममंझिल, तो पाडून विधानभवन बांधण्याचा ठराव मंत्रिमंडळाने केला होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला.

छातीच्या रुग्णालयाने मात्र आपल्या जागेवर राहण्याचे सार्थक पाच वर्षांतच करून दाखवले. २०२० साली कोविडची महामारी आली तेव्हा श्वास कोंडलेल्या रुग्णांसाठी राजधानीत ज्या सरकारी रुग्णालयांची दारे उघडी राहिली त्यांत एर्रगड्डा होते. ते अनंतगिरीवर गेले असते आणि एर्रगड्ड्यास सचिवालयाच्या कचेऱ्या थाटल्या असत्या, तर त्या दिवसांत दूरदूरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्यांची गत काय झाली असती, याची कल्पनाही सहन होत नाही. आणि इतिहासाने या कथेला जे वळण दिले ते अधिक बोधप्रद आहे: २६ एप्रिल २०२२ रोजी त्याच मुख्यमंत्र्यांनी हैदराबादच्या तीन दिशांना प्रत्येकी हजार खाटांच्या तीन मोठ्या रुग्णालयांची पायाभरणी केली, आणि त्यांपैकी एकासाठी जी जागा निवडली गेली ती एर्रगड्ड्याच्या छातीच्या रुग्णालयाचीच होती. सात वर्षांपूर्वी जी जमीन रुग्णालयाला नको म्हणून सचिवालयाला द्यावयाची ठरली होती, तिच्यावर नवे रुग्णालय बांधण्यास राज्य स्वतः पुढे आले. या फेरविचाराबद्दल राज्यकर्त्यांना श्रेय दिलेच पाहिजे. परंतु जमीन गेली असती तर फेरविचारास जागाच उरली नसती, हेही लक्षात घेतले पाहिजे.

जमीन उरली नाही म्हणजे काय होते, हे उस्मानिया रुग्णालयाने दाखवून दिले. जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी जुन्या वॉर्डांत शिरले, रुग्णांच्या खाटा पाण्यात उभ्या राहिल्या, आणि ती ऐतिहासिक वास्तू रिकामी करण्यात आली. तिचे काय करावे यावर २०१५ पासून वाद चालूच होता: पाडावी की दुरुस्त करावी, नवी इमारत कोठे बांधावी. शंभर वर्षांत आवारात इतकी दाटी झाली होती की जुने न पाडता नवे उभारण्यास ऐसपैस जागा नव्हती. अखेर गोशामहल येथील पोलिसांच्या मैदानावर, सव्वीस एकरांहून अधिक जागेत, दोन हजार खाटांच्या नव्या उस्मानियाची पायाभरणी ३१ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांच्या हस्ते झाली. शहराच्या अंतर्भागात एवढी सरकारी जमीन मिळाली हे भाग्य. आणि ती मिळाली म्हणून भोवतालच्या रहिवाशांनी केलेला विरोधही ध्यानात ठेवावयास हवा. रुग्णालयासाठी नवी जमीन मिळवणे हे जुनी राखण्यापेक्षा अनेक पटींनी कठीण असते.

याच वर्षांत महाराष्ट्रातही हा प्रश्न दोन ठिकाणी उभा राहिला, आणि दोन्ही ठिकाणांनी त्याची निरनिराळी बाजू दाखवली. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे; नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ते दीर्घकाळ ओळखले गेले. मुंबईच्या उपनगरांची गर्दी वाढता वाढता त्या विस्तीर्ण आवारावर अतिक्रमणे झाली, आणि ठाणे व मुलुंड यांच्यामध्ये नवे रेल्वे स्थानक बांधण्यासाठी त्यातील जमीन मागण्यात आली. हस्तांतरावर उच्च न्यायालयाची स्थगिती होती. २०२३ साली सुमारे पंधरा एकरांपुरती ती उठली. येथे एका बाजूस लोभ आणि दुसऱ्या बाजूस परोपकार असा सोपा सामना नव्हता. ठाण्याच्या फलाटांवर रोज जी जीवघेणी गर्दी उसळते ती पाहिलेल्या कोणालाही स्थानकाची गरज नाकारता येणार नाही. तेव्हा प्रश्न जमीन द्यावी की न द्यावी एवढाच नसून, तिच्या मोबदल्यात मनोरुग्णांच्या पदरी नेमके काय पडते, आणि ते केव्हा पडते, असा आहे.

दुसरे ठिकाण जालना. १९५३ साली मनोरुग्णालय ज्या गावाहून गेले, त्या गावी ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय स्थापण्यास महाराष्ट्र शासनाने २०२१ साली मंजुरी दिली. मधली अडुसष्ट वर्षे मराठवाड्यातील किती कुटुंबांनी आपल्या आजारी माणसाला दोरीने बांधून ठेवले, देवस्थानांच्या दारी नेले, किंवा परक्या शहरात सोडून दिले, याची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही. संस्था हलवण्याचा हुकूम एका दिवसात निघतो. ती परत आणण्यास तीन पिढ्या लागतात. सरकारी मालमत्तेचा हिशेब करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने ही जालन्याची हकिकत आपल्या मेजावर ठेवावी.

आमच्या आदिलाबादलाही या संदर्भात एक स्वतःची शिकवण आहे. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात गोंड नेते कुमरम भीम आणि त्यांचे सहकारी जमिनीच्या हक्कासाठी लढताना मारले गेले, तेव्हा निजाम सरकारला प्रथम जाणवले की ज्या रानाची मोजणी सरकारी दफ्तरात ‘पडीक’ अशी होती त्यावर माणसे पिढ्यान् पिढ्या जगत होती. पुढे मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी मारलवाईस राहून गोंडांचा अभ्यास केला, आणि त्यांच्या प्रयत्नांतून आदिवासींच्या जमिनीला व शिक्षणाला काही संरक्षण मिळाले. कागदावर जे मोकळे दिसते ते प्रत्यक्षात कोणाच्या तरी जगण्याचा आधार असते, हा त्या संघर्षाचा आशय रुग्णालयाच्या आवाराला तितकाच लागू पडतो. फरक इतकाच की रानातला शेतकरी आपल्या जमिनीवर उभा असतो आणि लढू शकतो. रुग्णालयाच्या जमिनीचा खरा वारस मात्र अद्याप आजारी पडलेला नसतो, त्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते, आणि म्हणून त्याच्या वतीने कोणी बोलत नाही.

म्हणून या सर्व इतिहासातून जे निष्पन्न होते ते स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. सार्वजनिक आरोग्यसेवेची जमीन कधीच विकू नये, असा हटवाद या लेखाचा नाही. वैद्यक बदलते, वस्त्या हलतात, आणि काही जागा खरोखरच निकामी होतात. परंतु असा निर्णय घेण्यापूर्वी तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. पहिली, गरज मोजावयाची ती साथीच्या वर्षावरून, सुखाच्या वर्षावरून नव्हे. २००९ आणि २०२० यांचा अनुभव हाच मापदंड असला पाहिजे. दुसरी, जी सेवा हलवावयाची ती नव्या ठिकाणी पूर्णपणे सुरू झाल्याखेरीज जुन्या जागेच्या एका फाटकालाही कुलूप लागता कामा नये. तिसरी, विक्रीचा वा हस्तांतराचा प्रत्येक रुपया आरोग्याच्या भांडवलातच राहावा, आणि त्याचा ठळक हिस्सा राजधानीत न अडकता जिल्ह्यांच्या व तालुक्यांच्या दवाखान्यांत यावा. कारण शहरातील त्या जमिनी संपूर्ण मुलखाच्या महसुलातून, आमच्या रानाच्या आणि कापसाच्या उत्पन्नातूनही, सांभाळल्या गेल्या आहेत.

या तीन अटी कायद्याने बंधनकारक व्हाव्यात, आणि त्या पाळल्या गेल्या की नाही हे ठरवणाऱ्या मंडळावर राजधानीतील अधिकाऱ्यांबरोबर आदिलाबाद, कुमरम भीम आसिफाबाद किंवा सीमेपलीकडच्या किनवटसारख्या दूरच्या भागांतील प्रतिनिधीही बसावेत, अशी आमची मागणी आहे. एर्रगड्ड्याची जमीन वाचली ती काही डॉक्टरांच्या, नागरिकांच्या आणि न्यायालयात गेलेल्या याचिकाकर्त्यांच्या जागरूकतेमुळे. प्रत्येक वेळी असे जागरूक लोक वेळेवर मिळतीलच असे नाही. म्हणून पुढच्या साठ एकरांचे रक्षण नशिबावर न सोपवता नियमाच्या हाती द्यावे, आणि तो नियम करताना तलमडुगुच्या रुग्णाला तीनशे किलोमीटरांचा प्रवास करून कोणत्या दारात उभे राहावे लागते, हा प्रश्न सर्वप्रथम विचारावा.